चौतीस फुटी बोट आणि तीन खोल्या: शिडाच्या बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडतानाचं एक प्रकरण

आधीच सांगून ठेवतो, मी बोटींवरचा इलेक्ट्रॉनिक्सवाला नाही. कारखान्यातल्या कंट्रोल पॅनलची वायरिंग हे माझं रोजचं काम. पण हिवाळ्यात शनिवार-रविवार क्रू म्हणून शिडाच्या बोटीवर जातो आणि एकदा लोकांना कळलं ना की याच्या बॅगेत मल्टिमीटर असतो, की संपली तुमची सुट्टी. हे प्रकरण असंच गळ्यात पडलं. मालकांना विचारून लिहितोय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

पार्श्वभूमी

बोट ३४ फुटी, एका डोलकाठीची, फायबरची, नव्वदच्या दशकात युरोपात बांधलेली आणि दोन मालक बदलून मुंबईत आलेली. गेटवे ऑफ इंडियासमोर मोरिंगवर (तळाला कायम बांधलेल्या बोयावर) असते, पावसाळ्यात बाहेर काढतात. मालक साठीचे, त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. त्यांचा मुलगा आयटीत. आणि तांडेल मामा, उरणकडचे, सगळं आयुष्य मासेमारीच्या होडीवर गेलेलं, आता या बोटीचं बघतात. मामा फार बोलत नाहीत पण बोलले की ऐकावं लागतं.

उपकरणं थरांवर थर चढावेत तशी चढलेली. सगळ्यात खाली जुन्या मालकाच्या काळातले कॉकपिटमधले तीन डिस्प्ले, खोली, वेग आणि वारा, शिवाय ऑटोपायलट. हे सगळं सीटॉक नावाच्या जुन्या तीन तारांच्या जाळ्यावर, लाल तारेत १२ व्होल्ट, पिवळीत डेटा आणि तिसरी शील्ड. त्यावर काकांनी घेतलेला चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा आणि त्यावर आपली जागा दाखवणारा स्क्रीन) आणि मागच्या रेलिंगवर त्याची जीपीएस अँटेना, हे दोन्ही एनएमईए २००० वर. मग क्लास बी एआयएस, म्हणजे आसपासची जहाजं रेडिओवरून आपापली जागा सांगतात ते ऐकणारा आणि आपली सांगणारा डबा, त्याची स्वतःची वेगळी जीपीएस अँटेना आणि आउटपुट जुन्या एनएमईए ०१८३ चा. डीएससीवाला व्हीएचएफ, म्हणजे बटण दाबून संकटाचा कॉल देता येणारा रेडिओ. चार्ट टेबलवर मुलाचा लॅपटॉप, त्यात ओपनसीपीएन हे नकाशाचं सॉफ्टवेअर. आणि दोन टॅबलेट, कारण काकांना कॉकपिटमध्ये टॅबलेटवर सगळं दिसायला हवं होतं.

एनएमईए म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांशी बोलतात त्या भाषा. ज्यांना हे दोन एनएमईए माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. ०१८३ म्हणजे साध्या अक्षरांच्या ओळी, डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या (एआयएसच्या ओळी उद्गारचिन्हाने), जास्तीत जास्त ८२ अक्षरं, शेवटी चूक पकडायला चेकसम. एका जोडीवर बोलणारा एकच, ऐकणारे अनेक. वेग ४८०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ४८० अक्षरं, एआयएससाठी ३८४००. एनएमईए २००० हे गाडीतल्या कॅन बससारखं, मधून एक मुख्य केबल जाते, तिला फांद्या फुटतात, सगळे एकाच केबलवर पाळीपाळीने बोलतात, वेग सेकंदाला अडीच लाख बिट. दोघांची भाषा पूर्ण वेगळी, मध्ये दुभाषा लागतो. सीटॉक ही तिसरीच भाषा.

आदल्या पावसाळ्यात बोट वर काढलेली असताना एका इलेक्ट्रिशियनने हे सगळं "जोडून दिलं". सीटॉकचं ०१८३ करणारा एक डबा, मग चार इनपुट एक आउटपुटचा मल्टिप्लेक्सर, म्हणजे चौघांच्या ओळी एका तारेत सोडणारा डबा, त्याचा आउटपुट एका छोट्या वायफाय डब्यात आणि प्लॉटरलाही. जमिनीवर टेस्ट केलं तेव्हा टॅबलेटवर सगळं दिसत होतं, काकांनी पैसे दिले, पेढे वाटले.

अडचण काय होती

नोव्हेंबरात मोसमातली पहिली फेरी, खांदेरीला वळसा घालून मांडवा. मी त्या दिवशी होतो.

टॅबलेटवर बोट उड्या मारत होती. म्हणजे आयकॉन पुढे जायचा, मग एकदम पन्नासेक मीटर मागे, परत पुढे. वेग ६ नॉट, मग ०, मग ६. त्यात भर म्हणून टक्कर होण्याचा अलार्म. कोणाशी टक्कर? तर आमच्याच बोटीशी. आमचीच बोट आमच्या मागे पन्नास मीटरवरून आमचा पाठलाग करत होती. पहिल्यांदा सगळे हसले, दहाव्यांदा मुलाने वैतागून अलार्म बंद केले. सगळेच. हे लक्षात ठेवा.

व्हीएचएफच्या स्क्रीनवर पोझिशनच्या जागी नुसत्या रेघा. काका म्हणाले पहिल्यापासून असंच आहे. म्हणजे त्या लाल बटणावर संकटाचा कॉल दिला असता तर तो बोट कुठे आहे हे न सांगताच गेला असता.

आणि मग खोली. मांडव्याच्या बाजूला ओहोटी सुरू झालेली, मुलगा सुकाणूवर, समोर टॅबलेट. कॉकपिटच्या जुन्या डिस्प्लेवर ०.९. टॅबलेटवर २.२. आत प्लॉटरवर २.७. मुलाने टॅबलेटवर विश्वास ठेवला, कारण तोच मोठा आणि रंगीत. त्याच्या मते कीलखाली, म्हणजे बोटीच्या पोटाखालच्या जड पात्याखाली, अजून दोन मीटर पाणी होतं. टॅबलेटवर १.३ दिसत असताना कील चिखलात बसली, अगदी हळू, लोण्यात सुरी जावी तशी. मामांनी आधीच दोनदा "सायेब, बाहेर काढा" म्हटलेलं. इंजिन रिव्हर्स टाकून, सगळ्यांनी एका बाजूला लटकून बोट तिरकी करून निघालो, नुकसान काही नाही. पण मांडव्याला चिखल होता म्हणून. तिथे खडक असता तर हा लेख वेगळ्या प्रकारचा झाला असता.

गंमत अशी की तिन्ही आकडे खरे होते. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पातळीपासून कीलच्या टोकापर्यंत बोट पाण्यात किती बुडते ते, १.८ मीटर. खोलीचा सेन्सर पाण्याच्या पातळीच्या ०.५ खाली. पाणी २.७ असताना प्लॉटर पाण्याच्या पातळीपासून मोजून २.७ सांगत होता, टॅबलेट सेन्सरपासून २.२, आणि जुना डिस्प्ले कीलपासून ०.९, कारण कुठल्यातरी जुन्या मालकाने त्यात तसा ऑफसेट भरून ठेवलेला. एका बोटीवर तीन खोल्या, आणि हॉटेलही नाही.

शोध, आणि फुकट गेलेले दोन रविवार

पहिले दोन रविवार मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. तारा उपसल्या. कनेक्शन घट्ट केली, हिरवं पडलेलं तांबं कापून नवीन क्रिंप केले, डेटाच्या ए आणि बी तारा उलट जोडून पाहिल्या. काही कनेक्शन खरंच वाईट होती, चॉकलेट ब्लॉकमध्ये (तारा जोडायच्या स्क्रूच्या पट्टीत) खारं पाणी जाऊन पावडर झालेली, त्यामुळे वाटत राहिलं की आपण काहीतरी उपयोगाचं करतोय. मूळ दुखणं तसंच.

तिसऱ्या रविवारी मुलाने सुचवलं की येणाऱ्या ओळी जशाच्या तशा पाच मिनिटं फाइलमध्ये साठवूया. ओपनसीपीएनमध्ये त्या बघायची खिडकीच आहे. पाच मिनिटांत सगळं नागडं झालं.

पोझिशन सांगणारी आरएमसी ओळ सेकंदाला तीनदा येत होती. एक एआयएसच्या जीपीएसची, एक प्लॉटरची, आणि एक प्लॉटरने मल्टिप्लेक्सरकडून ऐकून परत बाहेर टाकलेली. कारण मल्टिप्लेक्सरचा आउटपुट प्लॉटरला जात होता आणि प्लॉटरचा आउटपुट परत मल्टिप्लेक्सरला येत होता. गोल गोल राणी. वाऱ्याच्या आणि खोलीच्या ओळीही अशाच दोनदोनदा.

यावर कळस म्हणजे एआयएसचा ३८४०० चा नळ मल्टिप्लेक्सरने ४८०० च्या नळीत सोडलेला. मुंबई बंदर आणि जेएनपीटीची जहाजं, टग, ड्रेजर, पायलट बोटी, सगळ्यांच्या ओळी त्या बारीक नळीत मावेनात, मग मल्टिप्लेक्सर त्या रांगेत उभ्या करायचा. आम्ही घड्याळ लावून मोजलं, ओळीतली जीपीएसची वेळ आणि खरी वेळ यांत पंधरा ते वीस सेकंदांचा फरक. ६ नॉट म्हणजे सेकंदाला तीन मीटर, पंधरा-वीस सेकंदांत पन्नास-साठ मीटर. उड्या मारणाऱ्या आयकॉनचं गणित तिथे सुटलं. टॅबलेटला ताजी पोझिशन स्वतःच्या आतल्या जीपीएसची मिळत होती आणि शिळी वायफायवरून, तो बिचारा दोन्हीकडे धावत होता. मागे लागलेली बोट म्हणजे आमच्याच एआयएसची स्वतःबद्दलची ओळ, शिळी झालेली, आणि त्या ॲपमध्ये बोटीचा एमएमएसआय (रेडिओवरचा ओळख) नंबर भरलेला नसल्यामुळे ही आपलीच हे त्याला कळत नव्हतं.

मग जमिनीवर टेस्ट केलं तेव्हा नीट कसं चाललं? तर डोलकाठी उतरवून ठेवलेली, एआयएसची व्हीएचएफ अँटेना डोलकाठीवर, म्हणजे एआयएसला एकही जहाज ऐकू येत नव्हतं. नळी रिकामी होती. इलेक्ट्रिशियनला मी फार दोष देणार नाही, मीही तसंच टेस्ट केलं असतं.

व्हीएचएफचं कारण अगदीच साधं निघालं. त्याला एआयएसचा ३८४०० चा आउटपुट जोडलेला आणि तो ४८०० वर कान लावून बसलेला. डेटा जात होता, पण त्याच्या कानाला ती नुसती खरखर.

कोणते पर्याय होते

काकांच्या डोक्यात पहिला पर्याय, सगळं जुनं काढून एकाच कंपनीचा नवा संच बसवायचा. खर्च कस्टम ड्युटी धरून सहा आकड्यांच्या बराच वर, आणि डोलकाठीतून नवीन केबल ओढणं आलं. जुने डिस्प्ले उत्तम चालत होते. मी विरोध केला, काकूंनी जास्त प्रभावी विरोध केला.

दुसरा पर्याय मामांचा. टॅबलेट घरी ठेवा, वायफाय काढून टाका, प्रत्येक डबा आपापला चालू द्या. हसू नका, हा खरा पर्याय होता आणि सुरक्षिततेच्या हिशोबाने तेव्हाच्या व्यवस्थेपेक्षा नक्कीच बरा. पण एआयएसवरची जहाजं कॉकपिटमध्ये दिसणं, ही गोष्ट रात्री बंदराच्या तोंडाशी खरंच कामाची आहे.

तिसरा मुलाचा. रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता "पाय") घ्यायचा, त्यावर सिग्नल के हा ओपन सोर्स सर्व्हर टाकायचा, सगळ्या तारा त्यात आणायच्या आणि तो सगळ्यांना वाटेल. यात तथ्य होतं. सिग्नल के प्रत्येक आकड्याबरोबर तो कुठून आला हे सांभाळतो, कुठल्या स्रोताला आधी मानायचं हे ठरवता येतं, वर सगळ्याची नोंद राहते. आमच्या दुखण्यावर हेच औषध होतं खरं तर. माझा आक्षेप दुसरा होता. इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज खाली बसतं आणि पाय रीस्टार्ट होतो, मेमरी कार्ड कधी रुसेल सांगता येत नाही, आणि तो दुरुस्त करू शकणारा माणूस बोटीवर एकच, तो नेमका त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर असणार.

चौथा मिश्र पर्याय. एनएमईए २००० ला कणा करायचं, सीटॉकचं जुनं सामान एका कन्व्हर्टरने त्यावर आणायचं, एआयएस थेट तारेने प्लॉटरला, आणि कण्याच्या टोकाला एक वायफाय गेटवे, जो फक्त ऐकून बाहेर वाटेल, आत काही घालणार नाही. पाय हवाच असेल तर तोही फक्त ऐकणारा.

दोन आठवडे वाद झाला, तोही फॅमिली ग्रुपवर. शेवटी मी एकच प्रश्न विचारला: मधला डबा मेला तर सुकाणूवरच्या माणसाला काय दिसायला हवं? मामा म्हणाले पाणी, मुलगा म्हणाला पोझिशन, काका म्हणाले दोन्ही. मग या दोन गोष्टी कुठल्याही मधल्या डब्यावर अवलंबून नकोत. या एका अटीत तिसरा पर्याय बाद झाला आणि चौथा पक्का. मुलाला ते आजही पटलेलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

काय केलं

तारेला हात लावायच्या आधी चार्ट टेबलवर एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर लिहिलं, कुठली गोष्ट कोण सांगणार. पोझिशन: मागच्या रेलिंगवरची अँटेना, दुसरं कोणी नाही. खोली आणि पाण्यातला वेग: जुने सेन्सर. वारा: डोलकाठीवरचा सेन्सर, फक्त जाणवणारा वारा, खरा वारा प्लॉटर काढेल. जहाजं: एआयएस. एका गोष्टीला एकच तोंड. एआयएसमधली जीपीएस त्याची त्यालाच लागते, तिची आरएमसी ओळ बाहेर येणं सेटिंगमध्ये बंद केलं. हा पुठ्ठा अजून बोटीवर आहे, चहाचे डाग पडलेला.

खऱ्या वाऱ्याचं का ठरवावं लागलं ते सांगतो, कारण हे सहज सुटतं. खरा वारा काढायला बोटीचा वेग वजा करावा लागतो आणि जुना डिस्प्ले त्यासाठी पाण्यातल्या चक्रीचा वेग धरतो. मुंबईच्या पाण्यात बोट तीन आठवडे उभी राहिली की चक्रीवर शेवाळ आणि बार्नेकल चढतात, चक्री अडकते, वेग शून्य. मग त्याच्या मते खरा वारा आणि जाणवणारा वारा एकच. प्लॉटर जीपीएसचा वेग धरून वेगळा आकडा काढतो. दोन्ही आकडे जाळ्यावर आले की टॅबलेट कुठला उचलेल याचा नेम नाही.

मग कण्याची तपासणी. एनएमईए २००० च्या मुख्य केबलच्या दोन टोकांना १२० ओमचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रेझिस्टर) लागतात, दोनच. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेत मोजलं की ६० ओम दिसायला हवेत. एकच लागलेला असेल तर १२०. आमच्याकडे ४० आले. ४० म्हणजे तीन! तासभर मागच्या लॉकरमध्ये डोकं घालून शोधलं तेव्हा दोऱ्या आणि फेंडरच्या खाली एक मोकळा टी-कनेक्टर सापडला, त्याचं उघडं तोंड झाकायला कोणीतरी टर्मिनेटर लावलेला. टोपण म्हणून. दिसतोही टोपणासारखाच. काढला, ६० आले. प्लॉटर मधूनच "जीपीएस नाही" म्हणायचा ते त्या दिवसापासून बंद झालं. त्यात दुसरं कारणही असेल, कारण त्याच दिवशी जीपीएसची फांदी मोजली तर साडेआठ मीटर निघाली, फांदी सहाच्या वर चालत नाही. कणाच मागे लॉकरपर्यंत वाढवला आणि फांदी दीड मीटरची केली. दोन्ही एकदम केल्यामुळे नक्की कशाने बरं झालं ते सांगता येणार नाही, पॅनलच्या कामात असं केलं तर मी पोरांना ओरडतो.

एआयएसचा आउटपुट ३८४०० वरच ठेवून त्याच दोन तारा प्लॉटरच्या एका पोर्टला आणि गेटवेच्या ०१८३ इनपुटला, दोघांना समांतर. एक बोलणारा, दोन ऐकणारे, मल्टिप्लेक्सरची गरजच नाही. प्लॉटरचा दुसरा पोर्ट ४८०० वर, त्यातून फक्त पोझिशन, थेट व्हीएचएफला. तार जोडल्यावर रेघांच्या जागी अक्षांश-रेखांश आले तेव्हा काकांनी फोटो काढला. मल्टिप्लेक्सर आणि वायफाय डबा काढून पिशवीत भरले.

खोलीचा निर्णय सगळ्यात जास्त वेळ खाऊन गेला. काकांना कीलपासून हवी होती, शून्य म्हणजे टेकलो, डोकं चालवायला नको. मामा म्हणाले, "पानी किती हाय तेवढं सांगू दे त्याला. बोट किती बुडाली ते मला ठाव हाय." मला मामांचं पटलं, कारण चार्टवरच्या आकड्यात भरती मिळवली की जे येतं ते पाण्याच्या पातळीपासूनच असतं, ताडून बघता येतं. उधाणाला मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, ताडून बघणं सोडून चालत नाही. काका शेवटी तयार झाले, एका अटीवर: प्रत्येक डिस्प्लेखाली लाल टेपवर "१.८" लिहायचं. जुन्या डिस्प्लेचा ऑफसेट बदलून अधिक ०.५ केला, प्लॉटर होताच. टॅबलेटसाठी गेटवेमध्ये डीबीटी ही ओळ अडवली आणि डीपीटी सोडली, कारण डीबीटी कायम सेन्सरपासूनच सांगते, डीपीटीबरोबर ऑफसेटही जातो. मग दोरीला शिसं बांधून तीन ठिकाणी मोजलं. चारही आकडे दहा सेंटिमीटरच्या आत.

दोन्ही टॅबलेटमध्ये एमएमएसआय भरला, मग एकेक अलार्म विचार करून परत चालू केला. खोलीचा ३ मीटरला.

एक गोष्ट आम्ही तपासली पण सिद्ध करू शकलो नाही, ती म्हणजे होकायंत्राची दिशा खऱ्या उत्तरेपासून जाते का चुंबकीय. मुंबई ते गोवा पट्ट्यात दोघांतला फरक इतका किरकोळ आहे की चूक असली तरी स्क्रीनवर कळणार नाही. सेटिंग वाचून ठरवलं आणि सोडलं. पुढेमागे ही बोट लांब कुठे विकली गेली तर तिकडचा कोणीतरी आम्हाला शिव्या घालेल.

नव्याने झालेला घोळ

सगळं जोडून झालं आणि टॅबलेटवरची जहाजं गायब. आदल्या आठवड्यात स्क्रीन भरलेला असायचा, आता जवळची चार-पाच. मी परत तारांवर घसरणार होतो, पण या वेळी शहाणपण आलेलं, आधी विचारलं, नवीन काय लावलं? मुलाने टॅबलेट चार्ज करायला आणि पायला वीज द्यायला १२ व्होल्टवरून ५ करणारा स्वस्तातला चार्जर बसवलेला, नेमका एआयएसच्या अँटेना केबलला खेटून. व्हीएचएफचा स्क्वेल्च (खरखर दाबायची खुंटी) जेमतेम आवाज बंद होईल इथवर आणला आणि चार्जर चालू केला, तर लगेच खरखर सुरू. चार्जर बंद, खरखर बंद. एआयएसही व्हीएचएफच्याच पट्ट्यात, १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकतो, त्याचे कान या खरखरीने भरले होते. धातूच्या डब्यातला चांगला कन्व्हर्टर आणून केबलपासून लांब लावला, केबलवर खरखर अडवणारे फेराइट अडकवले, जहाजं परत आली.

निष्पत्ती

जानेवारीत बोट गोव्याला गेली, मुरूड, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत. पहाटेचा मतलई वारा, दुपारी वायव्येचा, आणि मध्ये दोन तास इंजिन. जयगडला मोठी जहाजं येतात, तिथे रात्री एक बल्क कॅरियर बाहेर पडताना कॉकपिटमधल्या टॅबलेटवर आधी दिसलं, मग त्याचे दिवे. मासेमारीच्या होड्या मात्र बऱ्याच एआयएसवर नसतात, त्यांच्यासाठी मामांचे डोळेच. जाळ्याची बोयरी मामा कुठून बघतात मला अजून कळलेलं नाही.

विजयदुर्गच्या अलीकडे गेटवे मेला. आणि वीसेक मिनिटं कोणाला कळलंच नाही! कारण टॅबलेटने गुपचूप स्वतःची जीपीएस वापरायला सुरुवात केली, बोट नकाशावर छान पुढे सरकत होती, जहाजं तेवढी जिथल्या तिथे थिजलेली. मामांनी विचारलं ते जहाज एवढा वेळ तिथेच कसं, तेव्हा उलगडा झाला. कॉकपिटचा खोलीचा डिस्प्ले, प्लॉटर, व्हीएचएफ सगळं चालू होतं, तेव्हा घाबरण्यासारखं काही नव्हतं, त्या अटीचा उपयोग तिथे झाला. गेटवे का मेला? त्याच्या कनेक्टरमध्ये पाणी उतरलेलं. केबल वरून सरळ कनेक्टरमध्ये आणलेली, खाली झोळ देऊन मग वर न्यायची असते म्हणजे थेंब झोळाला गळून जातो. ती केबल मीच टाकली होती.

त्या रात्री नांगरावर एक बदल केला. टॅबलेटच्या मुख्य पानावर खोलीचा आकडा मोठा करून ठेवला. टॅबलेटमध्ये जीपीएस असते पण खोली मोजायचा सेन्सर नसतो, म्हणजे खोलीच्या जागी रेघा आल्या की समजायचं बाहेरून येणारा डेटा तुटलाय. फुकटातला पहारेकरी.

आज परत करायचं झालं तर

पहिल्या दिवशी, एकही स्क्रू न काढता, पाच मिनिटांची फाइल साठवीन. दोन रविवार वाचले असते. आणि टेस्ट डोलकाठी उभी असताना, अँटेना लागलेली असताना, बंदरात गर्दी असेल त्या वेळी.

खोली कुठून मोजायची हा निर्णय आम्ही शेवटी घेतला, तो सगळ्यात आधी घ्यायला हवा होता, त्याला तर काही विकतही घ्यायचं नव्हतं. अलार्मचंही तसंच. खोटे अलार्म सहन न होऊन मुलाने सगळे बंद केले त्यात खोलीचाही गेला, आणि तासाभराने आम्ही चिखलात. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. पण सुकाणूवरच्या माणसाने अलार्म बंद केला तर निदान मोठ्याने सांगायचं, हा नियम आता बोटीवर आहे.

पायबद्दल मी चुकलो असेन कदाचित. तो आता फक्त ऐकतो आणि नोंद ठेवतो, गोव्याच्या पूर्ण फेरीत एकदाही पडला नाही. मुलगा दर भेटीत हे ऐकवतो. माझं म्हणणं, चांगला कन्व्हर्टर लागल्यामुळे पडला नाही. तो म्हणतो तेच तर.

राहिला ऑटोपायलट. तो अजून आपल्यापुरता एकटाच आहे, दिशा धरून चालतो पण प्लॉटरवरच्या बिंदूकडे जात नाही. कन्व्हर्टरने तो मार्ग त्याला मिळायला हवा, मिळत नाही, कारण सापडलेलं नाही. मामांना विचारलं तर म्हणाले राहू द्या, तेवढं तरी काम आपल्याला ठेवा. पावसाळ्यात बोट वर आली की बघणार आहे, या वेळी डोलकाठी न उतरवता.